इंटरमिटंट फास्टिंगची शिडी : ‘हळूहळू सुरू करा’ हा सल्ला किती तपासलेला आहे?

रोज १६ तास उपाशी राहायचं असेल तर एकदम उडी मारू नका, पायरीपायरीने जा. पहिल्या आठवड्यात १२ तास, दुसऱ्यात १३, मग १४, आणि महिना-दीड महिन्यात १६. इंटरमिटंट फास्टिंगवरचा कुठलाही व्हिडिओ उघडा, ही शिडी हमखास सापडते. १६ तास हवेत की १४ यावर लोक भांडतात, नाश्ता सोडावा की रात्रीचं जेवण यावर भांडतात. ‘हळूहळू’ या शब्दावर मात्र सगळ्यांचं एकमत. सल्ला इतका समजूतदार वाटतो की त्याला प्रश्न विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्याने नेमकं अशाच जागी थांबायचं असतं. या पोस्टमध्ये मी या शिडीचं परीक्षण करणार आहे. उपवास चांगला की वाईट, हा निकाल मला द्यायचा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: ‘हळूहळू’ हा उपचाराचाच एक भाग आहे, आणि उपचाराचा प्रत्येक भाग मोजावा लागतो. तो न मोजता सोडला की दोन प्रकारची माणसं दिसेनाशी होतात. एक, वाटेत गळालेली. दोन, ज्यांचा विचार करून ही शिडी बांधलेलीच नव्हती ती. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत दुसऱ्या प्रकारची माणसं भरपूर आहेत.

पेट झाली आहे, सिनॉप्सिसचा विषय शोधताय आणि आहार-आरोग्याकडे ओढा आहे, अशांना हे थेट उपयोगी पडेल. विषय वेगळा असेल तरी वाचा, कारण तपासण्याची पद्धत तीच आहे.

कल्पना जुनी, दावा नवा

ठरावीक वेळ न खाणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. चातुर्मासात एकभुक्त राहणारी माणसं अजून घराघरांत आहेत. धारणे-पारणे म्हणजे एक दिवस उपास, एक दिवस जेवण. आज शोधनिबंधांत ज्याला ‘अल्टरनेट डे फास्टिंग’ म्हणतात त्याच्या अगदी जवळचं. जैन घरांत सूर्यास्तानंतर जेवण नाही. रमजानचा रोजा तर महिनाभर रोज चालणारा उपवास, आणि तोही पाण्याशिवाय. या सगळ्यांमागे श्रद्धा आहे, वजन कमी करण्याचा दावा नाही. म्हणून त्यांना पुरावा मागायचं कारणही नाही.

दावा आला तो नंतर. महाराष्ट्रात त्याचं सर्वांत गाजलेलं रूप म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची जीवनशैली. दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं. मधे काही खायचं नाही. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, असं दीक्षित स्वतः सांगतात. म्हणजे ही गोष्ट आपल्या विदर्भातूनच निघाली. या मोहिमेची एक बाजू मला मनापासून आवडते: सुरुवातीला उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि एचबीए१सी तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असं ती सांगते. लोकांना आकडा बघायला लावणं ही छोटी गोष्ट नाही. योजना फुकट आहे आणि कुणाची पावडर विकत नाही, हेही तिच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

पण ५५ मिनिटांमागचं स्पष्टीकरण शरीरशास्त्रावर घासून बघा. प्रत्येक वेळी तोंड हलवलं की स्वादुपिंड इन्सुलिनचं एक माप ओततं आणि ५५ मिनिटांत जेवण उरकलं तर दुसरं माप वाचतं, असा तो युक्तिवाद आहे. प्रत्यक्षात इन्सुलिन दोन टप्प्यांत स्रवतं. पहिला जोरदार टप्पा काही मिनिटांचा. दुसरा संथ, आणि तो रक्तातली साखर वाढलेली आहे तोवर चालू राहतो. किती स्रवेल हे काय आणि किती खाल्लं यावर ठरतं. त्यामुळे योजनेने गुण येत असेलही, पण स्पष्टीकरण त्यामुळे आपोआप खरं ठरत नाही. परिणाम आणि कारण या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि दोन्हींचे पेपर वेगवेगळे तपासायचे असतात.

चाचण्या काय सांगतात

सुरुवात उंदरांपासून करू, कारण या क्षेत्रातला उत्साह तिथूनच आला. २०१२ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’ या नियतकालिकात सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने दाखवलं की तेलकट खाणं दिवसभर खाणारे उंदीर लठ्ठ होतात, पण तेवढ्याच कॅलरी आठ तासांत खाणारे बरेचसे वाचतात. प्रयोग सुंदर आहे. फक्त एक लक्षात ठेवा, उंदराचं आयुष्य दोन-एक वर्षांचं. त्याचे १६ तास म्हणजे माणसाचे १६ तास नव्हेत. तेवढ्या उपवासाचा ताण त्याच्या शरीरावर कितीतरी जास्त पडतो.

माणसांवरचा एक नेमका प्रयोग २०१८ चा, सटन आणि सहकाऱ्यांचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे फक्त ८ पुरुष. सहा तासांत खाणं, शेवटचं जेवण दुपारी ३ च्या आत, पाच आठवडे. वजन मुद्दाम स्थिर ठेवलं होतं, तरी शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. निकाल महत्त्वाचा आहे, पण माणसं आठ, सगळे पुरुष, आणि खाणं संशोधकांच्या देखरेखीखाली.

मोठी चाचणी २०२० ची, ‘जामा इंटर्नल मेडिसीन’मधली. ११६ माणसं, १२ आठवडे. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खायचं, दुसऱ्याने नेहमीसारखं तीनदा जेवायचं. उपवासवाल्यांचं वजन सरासरी ०.९४ किलो उतरलं आणि ही घट सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय होती. इथे थांबलात तर मथळा तयार आहे: ‘१६:८ ने वजन घटतं!’ आता शेजारचा रकाना बघा. तीनदा जेवणाऱ्यांचंही ०.६८ किलो उतरलं. दोन गटांतला फरक पाव किलोच्या आसपास, आणि तो लक्षणीय नव्हता. एकाच गटाचं ‘आधी-नंतर’ बघणं आणि दोन गटांची एकमेकांशी तुलना करणं यातला फरक समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. हा तक्ता वहीत उतरवून ठेवा.

२०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन’मध्ये चीनमधल्या ग्वांगझोची चाचणी आली. १३९ लठ्ठ रुग्ण, पूर्ण १२ महिने. दोन्ही गटांना कॅलरी कमी करायला सांगितल्या. एका गटाने शिवाय सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं. वर्षाअखेर ८.० किलो विरुद्ध ६.३ किलो. दिसायला फरक आहे, पण योगायोगाने पडू शकतो एवढाच. म्हणजे दोघांचंही वजन उतरलं, आणि मुख्य काम कॅलरींनी केलं असं दिसतं.

दोन जेवणांच्या बाजूने सर्वांत जवळचा पुरावा प्रागमधला आहे. २०१४ मध्ये ‘डायबेटोलॉजिया’त आलेल्या या अभ्यासात टाइप २ मधुमेहाचे ५४ रुग्ण होते. तेवढ्याच कमी कॅलरी १२ आठवडे दिवसाला सहा भागांत आणि १२ आठवडे दोन भागांत दिल्या. दोन जेवणांत वजन जास्त उतरलं, ३.७ किलो विरुद्ध २.३ किलो. दोन जेवणांचे पुरस्कर्ते हा निकाल मांडतात तेव्हा एक ओळ सहसा सुटते: ती दोन जेवणं सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण ही होती. आपल्याकडे दोनवर आलेली बहुतेक माणसं सकाळ सोडतात आणि रात्री जेवतात, कारण घर एकत्र जेवतं ते रात्री.

विरोधातल्या बातमीलाही हीच फूटपट्टी लावा. मार्च २०२४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेतून बातमी सुटली की आठ तासांच्या आत खाणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्के जास्त. सुमारे २०,००० प्रौढांची माहिती होती, पण कोण किती तासांत खातो हे ठरवलं होतं दोन दिवसांच्या आठवणीवरून. दोन दिवसांत फक्त आठ तासच खाल्लेला माणूस आजारी असू शकतो, एकटा असू शकतो, दोन नोकऱ्या करणारा असू शकतो. त्याने व्रत घेतलंय असं त्या आकड्यातून कळत नाही.

आता शिडीकडे परत येऊ. माणसांवरच्या या चार चाचण्यांपैकी एकीचाही प्रश्न ‘हळूहळू की एकदम’ हा नव्हता. मग हा सल्ला उभा कशावर आहे?

एका शब्दात तीन गोष्टी

माझ्या मते ‘हळूहळू’ या शब्दात तीन वेगवेगळी कामं गुंडाळलेली आहेत. ती सुटी केल्याशिवाय तपासता येत नाहीत.

पहिलं काम सवयीचं. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी वाढतं आणि जेवल्यावर उतरतं. रोज नऊला पोहे खाणाऱ्याला साडेआठला भूक लागते, ती बरीचशी घड्याळाची भूक असते. वेळ बदलली की हे घड्याळही सरकतं, पण त्याला दिवस लागतात. सटनच्या त्या प्रयोगात सहभागींना नव्या वेळापत्रकाची सवय व्हायला सरासरी सुमारे १२ दिवस लागले, आणि माणसामाणसांत मोठा फरक होता. म्हणजे सवय लागते, वेळ घेऊन लागते, एवढ्याला आधार आहे. पण लक्षात घ्या, त्या लोकांनी शिडी चढली नव्हती. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळापत्रकच पाळलं होतं, आणि तरीही सवय लागली. त्यामुळे शिडीने ती लवकर लागते, उशिरा लागते की फक्त कमी डोकेदुखीत लागते, हे तीन वेगळे गृहीतक आहेत.

दुसरं काम सुरक्षेचं. इथे गंमत करायची सोय नाही. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस उपाशी राहिला तर गोळी आपलं काम थांबवत नाही. साखर खाली जातच राहते. रमजानवरच्या एपिडायर या मोठ्या पाहणीत १३ देशांतल्या १२,२४३ मधुमेही रुग्णांची माहिती होती. टाइप २ रुग्णांत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचं प्रमाण रोज्यांच्या महिन्यात साडेसात पट झालं. न्यूझीलंडमधल्या २०१८ च्या एका छोट्या चाचणीत तर औषधं आधीच कमी करूनही उपवासाच्या दिवशी हे प्रमाण सुमारे दुप्पट होतं. अशा माणसासाठी १२ चे १३ तास करणं ही पायरी नव्हेच. त्याची पहिली पायरी म्हणजे डॉक्टरकडे जाऊन औषधाचा डोस आणि वेळ बदलून घेणं. व्हिडिओतल्या शिडीत ही पायरी शेवटी, बारीक अक्षरांत असते.

तिसरं काम गाळणीचं, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. औषधांच्या चाचण्यांत ‘रन-इन’ नावाची पद्धत असते. खऱ्या चाचणीआधी काही आठवडे सगळ्यांना एक साधं वेळापत्रक पाळायला देतात. ज्यांना जमत नाही त्यांना बाजूला काढतात आणि उरलेल्यांवर चाचणी होते. पद्धत वैध आहे, पण शोधनिबंधात लिहावं लागतं की किती जणांना काढलं. चार आठवड्यांची शिडी नेमकं हेच करते, फक्त कुणी लिहून ठेवत नाही. १३ तासांना ज्याचं डोकं दुखलं तो सुटला. १४ ला जिला चक्कर आली ती सुटली. १६ वर पोचतो तो आधीपासूनच सोसणारा, वेळ असलेला, घरातून साथ मिळालेला माणूस. मग तो तीन महिन्यांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपला रिपोर्ट टाकतो आणि आपण म्हणतो, बघा, हळूहळू केलं की जमतं!

एक हिशेब करू. हे आकडे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी. ४० जणांनी सुरुवात केली. १४ वाटेत सुटले. उरलेल्या २६ जणांचं सरासरी ३ किलो उतरलं. ग्रुपवर आकडा येईल ३ किलो. सुटलेल्या १४ जणांचं वजन तसंच राहिलं असं धरलं तर सगळ्या ४० जणांची सरासरी येते १.९५ किलो. सुरुवात केलेल्या सगळ्यांना हिशेबात धरायचं, या तत्त्वाला ‘इन्टेन्शन टू ट्रीट’ म्हणतात. शिडी चांगली की वाईट हे २६ जणांना विचारून कळणार नाही. ते १४ जणांकडेच आहे.

गळती ही किरकोळ बाब नाही हे शिकागोच्या २०१७ च्या चाचणीतून दिसतं. १०० माणसं, एक वर्ष, एक दिवसाआड जवळपास उपवास. म्हणजे आपलं धारणे-पारणेच. उपवासाच्या गटातले ३८ टक्के लोक सोडून गेले, रोज थोडं कमी खाणाऱ्यांतले २९ टक्के. वजनातली घट दोन्हीकडे जवळपास सारखी. हा आकडा संशोधकांनी प्रामाणिकपणे छापला म्हणून आपल्याला त्यावर बोलता येतं.

याच गाळणीला आणखी दोन गोष्टी मदत करतात. उपवासाच्या सुरुवातीला यकृत आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा कमी होतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तेही जातं. पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो तो बराचसा या पाण्यामुळे, पण हुरूप वाढतो. आणि माणूस कुठलीही योजना सुरू करतो ती सहसा रिपोर्ट सर्वांत वाईट आल्यावर. पुढचा रिपोर्ट काही न करताही थोडा बरा येण्याची शक्यता असते. तुलनेचा गट नसेल तर या दोन्हींचं श्रेय शिडीला जातं.

आपल्या जिल्ह्यांत शिडी कुठे टेकते?

शिडीची पहिली पायरी १२ तासांची का? २०१५ मध्ये पांडांच्याच गटाने कॅलिफोर्नियातल्या प्रौढांचं खाणं मोबाइलवर नोंदवलं, तेव्हा निम्म्याहून अधिक लोक दिवसाला पावणेपंधरा तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळ काही ना काही खात होते. त्यांच्यासाठी १२ तास ही खरोखर पहिली पायरी आहे. पण अहेरी किंवा भामरागडकडच्या गावात संध्याकाळी सात-साडेसातला जेवून झोपणारा आणि सकाळी बिनदुधाचा चहा घेऊन थेट नऊ-दहाला भात खाणारा माणूस घ्या. तो १३-१४ तास उपाशी आहेच. त्याने शिडीचं नावही ऐकलेलं नाही. त्याला ‘पहिल्या आठवड्यात १२ तास’ सांगणं म्हणजे तळमजल्यावरच्याला तळघरातून चढायला लावणं. आधार-पातळी मोजल्याशिवाय हस्तक्षेप ठरवला की असं होतं.

मग वर्षभराच्या कामाचं चक्र. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जायचं, मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी उजाडायच्या आत जंगलात, जुलैत रोवणी. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो हे सांगायला नकोच. शिदोरी कधी सुटते हे उन्हावर आणि कामावर ठरतं. दुसरीकडे चंद्रपूर-बल्लारपूर-घुग्घुस पट्ट्यात कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्राच्या पाळ्या आहेत. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाची ‘दुपारी १२ ते रात्री ८’ ही खिडकी दर आठवड्याला मोडते. हळूहळू सवय लागेल असं आपण म्हणतो, पण ज्याचं घड्याळ दर सोमवारी बदलतं त्याला सवय लागणार कशाची?

आता शरीर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या आणि २०.८ टक्के कमी वजनाच्या. १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त, ५४.२ टक्के, स्त्रियांत रक्तक्षय होता. एकाच राज्यात, कधी एकाच गल्लीत, दोन्ही टोकं आहेत. वजन कमी करायचा सल्ला मोबाइलवरून दोघींना सारखाच पोचतो. आणि आपल्याकडे घरात सर्वांत शेवटी जेवणारी बाई काही व्रत घेऊन १५ तास उपाशी राहिलेली नसते.

सिकलसेलचा मुद्दा आपल्या भागात टाळताच येणार नाही. दोन्ही जिल्ह्यांत या आजाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. शरीरातलं पाणी कमी होणं हे रुग्णाच्या वेदनांचा झटका सुरू होण्याचं एक ओळखीचं कारण आहे. उन्हाळ्यात, कामावर, जेवणाबरोबर पाणीही विसरणाऱ्या तरुण रुग्णासाठी ही शिडी धोक्याची आहे.

त्याहून सूक्ष्म अडचण मोजमापाची. दोन जेवणांच्या मोहिमेत यश मोजलं जातं एचबीए१सीने, आणि ही चाचणी लाल पेशीच्या आयुष्यावर उभी आहे. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर फुटतात, म्हणून आकडा खोटा कमी येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेत तो खोटा जास्त येऊ शकतो, आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की साखरेत काहीही फरक न पडता खाली येतो. वाहकांतही तपासणीच्या काही यंत्रपद्धती गडबडतात. म्हणजे गडचिरोलीत एखाद्या बाईने दोन जेवणं आणि लोहाच्या गोळ्या एकाच महिन्यात सुरू केल्या, तर तीन महिन्यांनी सुधारलेला रिपोर्ट कुणाचं यश? पुण्या-मुंबईच्या अभ्यासातली मोजपट्टी उचलून आणण्याआधी ती इथल्या रक्तावर चालते का हे बघावं लागेल. थेट ग्लुकोज मोजणं किंवा फ्रुक्टोसामाइन हे पर्याय आहेत.

मग हा अभ्यास करायचा कसा?

टीका करून सोडून देणं सोपं असतं, म्हणून आराखडाही देतो. कुणाला घ्यायचा असेल तर खुशाल घ्या.

‘हळूहळू’ मोजता येतं, याचं उत्तम उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचा जो अभ्यास केला, त्यात ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९३ ते ९५ अशी पहिली दोन वर्षं फक्त मोजण्यात घालवली. काळजी त्यानंतर, टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, आणि दरवर्षी दोन्हीकडचे जन्म-मृत्यू मोजत राहिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. विषय वेगळा आहे, पण पायऱ्या कशा चढायच्या ते बघा. आधी खालची जमीन मोजली, शेजारी न चढणारा गट ठेवला, प्रत्येक पायरीवर मोजणी केली, आणि कुणालाही मोजणीतून वगळलं नाही.

आपला अभ्यास याहून कितीतरी लहान असेल. प्रश्न एकच ठेवा: १४ तासांच्या उपवासावर एकदम नेलेले आणि चार आठवड्यांत हळूहळू नेलेले, यांपैकी आठव्या आठवड्याअखेर किती जण टिकून असतात? वजन हा मुख्य निकष नको, टिकणं हा निकष घ्या, कारण शिडीचा दावा टिकण्याचाच आहे. सहभागी निवडताना चंद्रपूर शहरातले जादा वजनाचे, मधुमेहाची औषधं न घेणारे प्रौढ घ्या. गर्भवती, स्तनदा माता, १८ वर्षांखालचे, कमी वजनाचे, सिकलसेलचे रुग्ण आणि खाण्याच्या विकारांचा इतिहास असलेले यांना वगळा, आणि का वगळलं ते लिहा.

पहिले दोन आठवडे कुणालाही काही सांगू नका. फक्त जे तोंडात जाईल त्याचा फोटो वेळेसह मागा, चहासकट. दुधाचा चहा हा आपल्याकडचा लपलेला नाश्ता आहे. तो नोंदीत नसेल तर बाकीची नोंद फुकट. मग चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. डोकेदुखी, चक्कर, चिडचिड, आम्लपित्त यांची रोजची छोटी नोंद ठेवा. पाळीत काम करणाऱ्यांचं वेगळं विश्लेषण आधीच ठरवून ठेवा, निकाल बघून नव्हे. जो सोडून जाईल त्याला फोन करा आणि कारण विचारा. तो फोन तुमच्या प्रबंधातलं सर्वांत मोलाचं पान ठरू शकतो. हे सगळं सुरू करण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि सीटीआरआयवर नोंदणी. नोंदणीत मुख्य निकष आधी लिहून द्यावा लागतो, त्यामुळे नंतर सोयीचा निकाल उचलायचा मोह आपोआप आवरतो.

निकाल काहीही येवो, तो छापण्यासारखा असेल. शिडीवाले जास्त टिकले तर एका लोकप्रिय सल्ल्याला पहिल्यांदा पाया मिळेल. दोन्ही गट सारखेच टिकले तर लोकांचा महिनाभराचा वेळ वाचेल. आणि शिडीवाले कमी टिकले, म्हणजे रोज नवा नियम पाळताना कंटाळून गेले, तर तेही सांगावं लागेल.

तोवर, तुमच्या घरी कुणी ही शिडी चढत असेल तर तीन प्रश्न विचारा. साखरेची किंवा बीपीची औषधं चालू आहेत का, आणि डॉक्टरला विचारलंय का? सध्या रात्रीचं शेवटचं आणि सकाळचं पहिलं खाणं नेमकं किती वाजता होतं? आणि तुमच्याबरोबर ज्यांनी सुरू केलं होतं त्यांतले आज किती जण करतायत? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण थोडं थांबून उत्तर देतात. ते उत्तर लिहून ठेवा.